उरलेल्या केकचे लाडू जरूर करावेत, पण ‘कोणत्याही’ केकचे नव्हेत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत नाताळ आणि नववर्षाच्या निमित्ताने उरलेल्या केकपासून एका घासात संपणारे चॉकलेटचे गोळे करण्याची कृती प्रसिद्ध झाली आहे. कृती सोपी आहे, सोबतचे छायाचित्र मोहात पाडणारे आहे आणि अन्न वाया घालवू नये हा तिच्यामागचा विचार आपल्याकडच्या कोणत्याही स्वयंपाकघराला नवा नाही. तरीही ‘घरात उरलेला कोणताही केक घ्यावा’ ही तिची पहिलीच ओळ मला खटकली. ‘कोणताही’ या एका शब्दात वाढदिवसाला कापलेला, रात्रभर टेबलावर राहिलेला आणि सकाळी फ्रीजमध्ये सरकवलेला क्रीमचा केकही बसतो, आणि सणासुदीला आपण हे गोळे स्वतः खाण्यापेक्षा शेजारीपाजारी वाटतोच अधिक.

मी माहीमला राहते आणि गेली अकरा वर्षे घरातून केकच्या ऑर्डर घेते. त्यामुळे उरलेला केक हा माझ्याकडे सणापुरता येणारा विषय नाही. ओव्हनमधून निघालेला केक मधोमध फुगलेला असतो. त्यावर थर रचायचे तर तो घुमट करवती सुरीने कापून सपाट करावा लागतो, आणि एक किलोच्या केकमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम कातरण सहज निघते. पहिली दोन वर्षे ही कातरण घरातल्या मुलांनी दुधात बुडवून संपवली. तिसऱ्या वर्षी त्यांनी हात जोडले. त्यानंतर आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, आंटींनी मला रम बॉल, म्हणजे केकच्या चुऱ्याचे हेच चॉकलेटचे गोळे, वळायला शिकवले. नाताळच्या सकाळी त्यांच्याकडून क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेले ताट येते. त्यात कलकल, मिल्क क्रीम, पेरूचे लालबुंद चीज आणि खजुराचे रोल असे नाताळचे गोड पदार्थ असतात, आणि एका कोपऱ्यात हे काळेभोर गोळे असतात. दिवाळीत आमच्याकडून गेलेल्या चकल्या-करंज्यांची ती परतफेड असते, कारण शेजारच्या घरचे ताट रिकामे परत पाठवू नये हा नियम दोन्ही घरांना सारखाच ठाऊक आहे.

मी पहिल्यांदा हे गोळे वळायला बसले तेव्हा सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि थोडा वेळ बघून म्हणाल्या, “अगं, हा तर पोळीचा लाडू. गुळाच्या जागी चॉकलेट, एवढंच.” त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. रात्रीची पोळी हाताने कुस्करून, तूप-गूळ घालून तिचा लाडू वळायचा आणि केकचा चुरा करून, कंडेन्स्ड मिल्क घालून त्याचा गोळा वळायचा, या एकाच घरच्या दोन कृती आहेत. मात्र पोळीच्या लाडवाची एक अट कोणत्याही पाककृतीत छापलेली नसली तरी प्रत्येक गृहिणी पाळते. लाडू होतो तो डब्यातल्या कोरड्या पोळीचा, रश्श्यात बुडालेल्या किंवा कोणाच्या ताटातून परत आलेल्या पोळीचा नव्हे. केकच्या बाबतीत मात्र हा विवेक आपण का कोण जाणे विसरतो. बहुधा केक बाहेरून आला म्हणून त्याला आपले नियम लागू होत नाहीत, असे वाटत असावे.

वाढदिवसाच्या केकचेच पाहू. तो सहसा सात वाजता येतो, पाहुण्यांची वाट पाहत नऊपर्यंत टेबलावर थांबतो, मग त्यावर मेणबत्त्या लागतात आणि फुंकर बसते. अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली हीच फुंकर मोजली, तेव्हा केकच्या आयसिंगवरील जिवाणूंची संख्या सरासरी १४०० टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. ज्याला आपल्या आज्या ‘उष्टं’ म्हणत, ते हेच. निरोगी माणसांनी तो केक तिथल्या तिथे खाल्ला तर सहसा काही बिघडत नाही. परंतु त्याच क्रीमला रात्रभर मुंबईची हवा द्यायची, दुसऱ्या दिवशी तो केक कुस्करायचा आणि न शिजवता गोळे वळून चार घरांत वाटायचे, हे मला पटत नाही. डिसेंबरातही मुंबईत दुपारचा पारा तीस अंशांच्या वर जातो, आणि क्रीमचा पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण दंडक आहे. त्यामुळे साहेब यायचे आहेत म्हणून साडेनऊपर्यंत ताटकळलेला क्रीमचा केक लाडवाच्या हिशेबातून तेव्हाच बाद झालेला असतो. उत्सवमूर्तीच्या तोंडाला फासण्याची जी नवी चाल पडली आहे, त्या केकबद्दल तर न बोललेलेच बरे.

मग उरतो तो कोरडा केक: साधा स्पंज, चहाबरोबरचा व्हॅनिला किंवा मार्बल केक, मावा केक, प्लम केक आणि माझ्यासारखीकडची कातरण. यांचे गोळे उत्तम होतात. इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्या कृतीत हा केक ‘आठवडाभर फ्रीजमध्ये साठवून’ वापरण्यास सांगितले आहे. केक शिळा होतो तो केवळ त्यातले पाणी उडून जाते म्हणून नव्हे. भाजताना फुगून मऊ झालेला मैद्यातील स्टार्च थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट रचनेत बसू लागतो आणि म्हणून केक राठ लागतो. ही क्रिया फ्रीजच्या खालच्या कप्प्यातील थंडीत बाहेरच्यापेक्षा वेगाने होते, तर फ्रीजरमध्ये जवळजवळ थांबते. पाव फ्रीजमध्ये ठेवला की दुसऱ्या दिवशी चामट होतो, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. म्हणून मी कातरण निघाल्या तासाभरात ती पूर्ण गार करून, हवा काढलेल्या पिशवीत भरते, पिशवीवर तारीख आणि ‘अंडे’ किंवा ‘बिनअंड्याचा’ असा शब्द मार्करने लिहिते आणि पिशवी थेट फ्रीजरमध्ये टाकते. ऑक्टोबरच्या अखेरीस ठेवलेली पिशवी नाताळात काढली तरी चव उतरलेली नसते. ती उघडायची मात्र बाहेरच्या हवेशी जुळल्यानंतरच, नाहीतर सुटणारा दमटपणा पिशवीच्या बाहेर न राहता चुऱ्यात उतरतो आणि गोळे चिकट होतात.

प्रत्यक्ष कृतीबद्दल थोडे लिहिते, कारण आपल्याकडे छापलेल्या प्रमाणात दुधाचा भाग फार आहे. पाव किलो चुरा घेतला तर दोन मोठे चमचे कोको आणि चार मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क एवढे पुरते, आणि तेही एकदम ओतायचे नसते. तीन चमचे घालून मिश्रण बोटांच्या टोकांनी कालवायचे, मुठीत दाबून पाहायचे. मूठ उघडल्यावर मुटका टिकला आणि अंगठ्याने दाबताच फुटला, म्हणजे बेसनाच्या लाडवाला आपण जी खूण पाहतो तीच दिसली, तर चौथा चमचा डब्यातच राहू द्यायचा. प्लम केक असेल तर त्यातील मनुका आणि साखरच बंध धरतात. त्याला संत्र्याचा रस चमचाभर पुरतो. गोळा पंधरा ग्रॅमचा, म्हणजे मोठ्या बोराएवढा असावा. त्याहून मोठा झाला की पाहुणा तो अर्धा चावतो आणि उरलेला अर्धा हातात धरून कागद शोधत फिरतो.

बाहेरच्या आवरणासाठी मंडईत मिळणारे कंपाउंड चॉकलेट घरगुती कामाला सोयीचे पडते, कारण खऱ्या कोको बटरच्या चॉकलेटला तापमान सांभाळून घोटावे लागते आणि ते जमले नाही तर त्यावर पांढुरकी झाक येते. क्रॉफर्ड मार्केट परिसरातल्या दुकानांत डिसेंबरात त्याच्या पाटांबरोबर सोनेरी कागदी वाट्या, चॉकलेटच्या शेवया आणि साखरेचे रंगीत मणी यांची रेलचेल असते. चॉकलेट वितळवताना भांड्यात पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी ते क्षणात आळून त्याची रवाळ गुठळी होते, हे नवशिक्यांना सांगायलाच हवे. गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये घट्ट करून बुडवावेत. फ्रीजरमधून काढून थेट बुडवले तर वरचे कवच तडकते. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी सुक्या खोबऱ्याच्या किसात गोळे घोळवावेत. ओल्या नारळाचा मोह टाळावा, तो आपल्या हवेत दुसऱ्याच दिवशी आंबूस वास धरतो.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लेखणी हाती घेतली, तिच्याकडे वळते. आपल्या कृतीत ‘आवडीनुसार दोन चमचे रम’ असे सहजपणे लिहिले आहे. चार वर्षांपूर्वी मीही ती अशीच सहजपणे घातली होती आणि नाताळच्या दुपारी सहा गोळ्यांची बशी समोरच्या घरी पाठवली होती. तिथले काका माळकरी आहेत. बशी घेताना त्यांनी मला विचारले, “यात अंडं नाही ना?” तो चुरा बिनअंड्याच्या केकचा होता, म्हणून मी छातीठोकपणे “नाही” म्हणाले. रम माझ्या मनातही आली नाही, कारण मी त्या पदार्थाला घरात ‘चॉकलेटचे लाडू’ म्हणत होते आणि नाव बदलले की माणूस आत काय आहे तेही विसरतो. काकांनी एक गोळा खाल्ला. वास त्यांच्या सुनेच्या लक्षात आला. कोणी भांडले नाही, उलट संध्याकाळी बशी धुऊन, तीत चार केळी ठेवून परत आली. पण दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर काका नेहमीसारखे थांबले नाहीत. मी घरी जाऊन क्षमा मागितली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “तुला विचारलं होतं गं मी.”

त्यावर कोणी म्हणेल की दोन चमच्यांत असे किती मद्य असणार. हिशेब करून पाहिला. दोन मोठे चमचे म्हणजे ३० मिलिलिटर रम, आपल्याकडे तिची तीव्रता ४२.८ टक्के असते, आणि पाव किलो चुऱ्याचे साधारण पंचवीस गोळे होतात. म्हणजे प्रत्येक गोळ्यात सुमारे अर्धा मिलिलिटर मद्यार्क आला. केक भाजताना त्यातल्या रमचा बराचसा अंश उडून जातो, पण हे गोळे भाजलेच जात नसल्यामुळे जेवढी घालावी तेवढी जवळपास सगळी आतच राहते. नशा येण्याच्या दृष्टीने ते प्रमाण नगण्य आहे, हे मान्य. परंतु गळ्यात माळ असलेल्या, रमजानचे रोजे करणाऱ्या किंवा मोठ्या कष्टाने दारू सोडलेल्या माणसाच्या लेखी इथे मिलिलिटरचा प्रश्नच नसतो. लहान मुलांच्या हाती तर हे गोळे न विचारता जातात. रमऐवजी घट्ट कॉफीचा काढा किंवा संत्र्याच्या सालीचा किस घातला तरी गोळा फिका लागत नाही. किंबहुना आमच्या आंटी आता स्वतःच निम्मे गोळे तसे करतात.

बेकरीतून विकत आणणाऱ्यांसाठीही दोन शब्द. आमच्या भागातील एका बेकरीत मी गेल्या डिसेंबरात असे गोळे घेतले. आतून क्रीमचा आंबट वास आला, म्हणून परत जाऊन ते कधी केले असे विचारले, तर काउंटरवरच्या मुलाने “आजचेच आहेत मॅडम” असे सांगितले. गोळा त्या दिवशीचा असेलही. माझा प्रश्न त्यातला केक कोणत्या दिवशीचा होता हा होता, आणि त्याचे उत्तर त्या मुलाकडे नव्हते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानातील सुट्या मिठाईच्या ताटापाशी ती कोणत्या तारखेपर्यंत खाणे उत्तम, हे लिहिणे सक्तीचे केले. पेढ्या-बर्फीच्या ताटापुढे लागते तशी चिठ्ठी केकच्या चुऱ्यापासून केलेल्या गोळ्यांपुढेही बेकऱ्यांनी लावावी आणि तीवर अंडे व मद्य यांचा स्पष्ट उल्लेख करावा, अशी अपेक्षा ठेवण्यात ग्राहकाने संकोच करू नये. न विकलेल्या केकचे गोळे करणे हा बेकरी व्यवसायातला जुना रिवाज आहे आणि त्यात लपवण्यासारखे काहीच नाही. तो केक कोरडा आणि वेळेतला असेल, तर.

माझ्या घरी आता या गोळ्यांसाठी दोन रंगांच्या कागदी वाट्या येतात. सोनेरी वाटीत रम असते, हिरव्या वाटीत रमही नसते आणि अंडेही नसते, आणि बशीबरोबर तसे लिहिलेली चिठ्ठी जाते. समोरच्या काकांकडे हिरव्या वाट्यांची बशी गेली दोन वर्षे जाते आणि ते चिठ्ठी वाचून झाल्यावरही मला एकदा विचारतातच. नववर्षाच्या आधी आपली आणखी एक पुरवणी निघणार आहे. तीत त्या कृतीला जोडून क्रीमचा, ताज्या फळांचा आणि फुंकर घातलेला केक घेऊ नये, कोरडा केक फ्रीजरमध्ये ठेवावा, आणि रम घातल्यास खाणाऱ्याला आधी सांगावे, एवढ्या तीन ओळी छापाव्यात, ही विनंती. जागा कमी असेल तर छायाचित्र थोडे लहान केले तरी चालेल.

आपली विश्वासू,
एक वाचक,
माहीम, मुंबई