ठेकेदाराशी करार लेखी हवा

महोदय,

दिवाळीनंतर कापसाचे पैसे हाती आले की आमच्या यवतमाळकडच्या गावांत घरांची कामे निघतात. ठेकेदार अर्धी रक्कम उचलतो, पाया भरतो आणि दुसऱ्या गावच्या कामाला लागतो. मग फोन उचलत नाही. घरकुलवाल्यांचे तर आणखी वाईट. सरकारी अनुदान कामाच्या टप्प्याप्रमाणे मिळते. काम अडले की पुढचा हप्ताही अडतो.

इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंती तडकणारच; पण तो बुजवल्यावर पाहणार कोण?

अशा एकट्या घराची दाद महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, लागत नाही. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे. जिल्हा आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तिथे पुरावा लागतो, आणि आपला सारा व्यवहार ‘भाऊ, भरोसा ठेवा’ यावर! ग्रामपंचायतींनी पायाची खोली, सळाख, सिमेंट आणि टप्प्यानुसार द्यायची रक्कम लिहिण्याचा साधा करारनामा छापून घरकुलाच्या मंजुरीपत्रासोबतच द्यावा.

– एक वाचक, जि. यवतमाळ