पॉडकास्टला साड्यांचं कपाट पुरतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत एक गृहस्थ 'टीचर पॉडकास्ट किट' विकायला आले होते. दोन माइक, त्यांचे स्टँड, हेडफोन, भिंतीला चिकटवायचा खड्ड्याखड्ड्यांचा काळा फोम आणि एक बटणांचा डबा. तो डबा नेमकं काय करतो, हे दोनदा विचारूनही त्यांना नीट सांगता आलं नाही. सगळं मिळून ३४ हजार, जीएसटी वेगळा. ते गेल्यावर स्टाफरूममध्ये चहाबरोबर एकमत झालं: पॉडकास्ट, म्हणजे रेकॉर्ड करून ऐकवायचे भाग, हे मोठ्या शाळांचं काम, आपलं नव्हे. मी गप्प बसले. तोवर माझे २६ भाग झाले होते आणि एकूण खर्च होता कॉलरला लावायच्या वायरवाल्या माइकचा, ४०० रुपयांच्या आत. तेव्हा बोलले असते तर फुशारकी वाटली असती. म्हणून आता लिहिते आहे.

मी वडोदऱ्यात एका गुजराती माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत मी 'बेन', दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत 'बाई'. पॉडकास्ट वगैरे करायचं माझ्या डोक्यात नव्हतं. सातवीतला एक मुलगा सायकलवरून पडला, सहा आठवडे पाय प्लॅस्टरमध्ये. त्याच्या आईचा व्हॉट्सॲपवर आवाज आला, "बेन, एनुं विज्ञान रही जशे", त्याचं विज्ञान राहून जाईल. रात्री ओटा पुसून झाल्यावर मी स्वयंपाकघरातच पचनसंस्थेचा धडा फोनवर बोलले आणि पाठवून दिला. ११ मिनिटं झाली होती. मागे फ्रिजची घरघर होती, मधे एकदा मांजर होतं.

तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन. त्या घरी पापड लाटायचं काम करतात. लाटता लाटता त्यांनी तो धडा तीनदा ऐकला होता. मला म्हणाल्या, "पित्त यकृतात तयार होतं म्हणालात, मग पित्ताशय काय करतं?" इतक्या वर्षांत वर्गात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर सोपं आहे, पित्ताशय ते साठवून ठेवतं. पण तेवढ्यासाठी मी दुसरा भाग केला आणि मग थांबले नाही. सातवीत शाळा सुटलेल्या बाईपर्यंत माझा सातवीचा धडा पोचला होता. मुलाचं म्हणाल तर त्याने तो एकदाच ऐकला, तोही आईने लावला म्हणून.

पॉडकास्ट हा शब्द २००४ सालचा, आयपॉड आणि ब्रॉडकास्ट जोडून केलेला. आयपॉड आता कंपनीने बनवणंही बंद केलं, शब्द तेवढा राहिला. पण जे घरबसल्या मिळेल तेच शिक्षण खरं पोचतं, ही कल्पना या शहराला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केलं. पुढे १९१० नंतर इथून खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. फिरती वाचनालयं म्हणत त्यांना. एका गावाची पेटी वाचून झाली की दुसऱ्या गावाला. त्या पेटीत आज पुस्तकांऐवजी आवाज घालायचा, एवढंच. आणि त्याला संस्थानाचा खजिना लागत नाही.

आता करायचं कसं ते सांगते, कारण अडतं तिथेच. सगळ्यात महत्त्वाची असते खोली. माइक नंतर. स्वयंपाकघरातल्या पहिल्या भागानंतरचे तीन भाग मी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात केले आणि ऐकताना वाटलं, मी विहिरीत पडून शिकवते आहे. उघड्या भिंती, फरशी, पत्र्याचं कपाट, सगळं आवाज परत फेकतं. एक टाळी वाजवून पाहा. टाळीमागे 'टण्ण' अशी शेपटी ऐकू आली तर ती खोली सोडा. माझ्या घरात शेपटी नसलेली एकच जागा निघाली, झोपायच्या खोलीतलं साड्यांचं कपाट. दोन्ही दारं सताड उघडायची, फोन मधल्या कप्प्यात घडीच्या शालीवर ठेवायचा आणि साड्यांकडे तोंड करून बोलायचं. नाकात डांबराच्या गोळ्यांचा वास जातो, पंखा बंद असल्याने मे महिन्यात पाठीवरून घाम ओघळतो, पण आवाज असा येतो की घरच्यांनीही विचारलं, कुठे जाऊन केलंस? काळा फोम जे करतो तेच काम सुती साड्या आणि गोधड्या करतात.

कॉलरचा माइक नसला तर फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा बाजूला. अगदी समोर धरला तर 'फ', 'भ'चा श्वास माइकवर आदळून धप्प होतं. फुप्फुसांचा धडा म्हणजे तर परीक्षाच. मराठीत 'फुप्फुस', गुजरातीत 'फेफसां', सुटका कुठेच नाही. आणि फ्लाइट मोड लावायला विसरू नका. एकदा नवव्या मिनिटाला माझ्या नणंदेचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तिथेच तुटलं. त्या दिवशी मी तिच्याशी जरा तुसडेपणाने बोलले, बिचारीला कारण कळलंच नाही.

वेळ पहाटेची, पाण्याची मोटर सुरू व्हायच्या आत. १४ आणि १५ जानेवारीला तर नादच सोडा. उत्तरायणाच्या दिवशी माझ्या गुरुत्वाकर्षणाच्या भागात गच्चीवरून स्पष्ट "काप्यो छे!" आलं. ते मी तसंच ठेवलं. पतंग खाली येत होता, विषयाला धरूनच होतं.

बोलताना कागदावरून वाचू नका. आपण वाचायला लागलो की पोरांना लगेच कळतं, वर्गात कळतं तसंच. मी एका चिठ्ठीवर पाच शब्द लिहून ती कपाटाच्या दाराला टाचणीने लावते. पुस्तकातलं 'आकृती पाहा' इथे चालत नाही, तिथे डोळ्यांचं काम तोंडाने करावं लागतं. लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब असतं, हे सांगायला मला समोरच उदाहरण सापडलं: सहावारीपेक्षा किंचित जास्त, नऊवारीपेक्षा पुष्कळ कमी. एवढं पोटात मावतं कसं? साडी कपाटात मावते तसं, घड्या घालून. ज्या मुलांनी परीक्षेत ते बरोबर लिहिलं, त्यांतल्या एकाने कंसात 'साडी' असंही लिहिलं होतं.

चुकलात तर थांबू नका. एक टाळी वाजवा, वाक्य पहिल्यापासून म्हणा आणि पुढे चला. नंतर संगणकावर ऑडासिटी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की आवाजाच्या रेघेत टाळीचा उंच सुळका लांबूनच दिसतो. तेवढाच तुकडा कापायचा. सुरुवातीला दहा सेकंद काही न बोलता फक्त खोली रेकॉर्ड करा. तो नमुना दाखवला की हे सॉफ्टवेअर मागची घरघर बरीच कमी करतं. बाकी एडिटिंग मी करत नाही. खाकरणं राहतं, राहू दे.

फाइल एमपीथ्री प्रकारात, मोनो (एकपदरी आवाज) आणि ६४ केबीपीएसवर (दर सेकंदाला किती डेटा, त्याचं हे माप) काढा. दहा मिनिटांचा भाग मग पाच एमबीच्या आत बसतो. तोच न आवळता डब्ल्यूएव्हीमध्ये दिलात तर पन्नासच्या वर जातो. ज्या घरात एकच फोन, त्यात बाबांचे धंद्याचे फोटो आणि मेमरी कायम भरलेली, तिथे हा फरक किरकोळ नाही.

पोचवायचं कसं, यात मी सपशेल आपटले होते. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट केली, ४० पालक घातले, भाग पाठवला. मिळाला ११ जणांना. मी दोन दिवस रुसून बसले की कुणाला ऐकायचंच नाही. मग कळलं, ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो निरोप जातो. पालकसभेत फळ्यावर नंबर लिहिला आणि प्रश्न सुटला. पुढे कुणाला हौस असेल तर स्पॉटिफायसारख्या ठिकाणी फुकट खातं काढता येतं. आपण भाग तिथे टाकायचा, तिथे त्याची आरएसएस फीड, म्हणजे भागांची आपोआप ताजी होणारी यादी, तयार होते आणि ऐकणाऱ्याच्या ॲपमध्ये नवा भाग आपोआप येतो. माझ्या सासूबाईंना मी हे 'दुधाचा रतीब' म्हणून समजावलं: एकदा लावला की रोज विचारावं लागत नाही, पिशवी दारात. मूळ फाइल मात्र पेनड्राइव्हवर ठेवा. ॲपं येतात नि जातात, गूगलचं पॉडकास्टचं ॲप २०२४ मध्ये बंदच झालं.

दोन गोष्टींत मी कडक आहे. मागे सिनेमाचं गाणं लावत नाही, ते आपलं नसतं. कविताही विचार करून घ्यावी, कारण आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि वर्गात म्हणणं वेगळं, जगाला ऐकवणं वेगळं. दुसरं, मुलांचा आवाज घ्यायचा तर आईबाबांची सही डायरीत हवी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानून पालकांची संमती मागितली आहे. कायदा नसता तरी मी पूर्ण नाव घेतलंच नसतं.

माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप असतो की मुलं आधीच फोनमध्ये डोकं खुपसून असतात, त्यात तुमची भर. अर्धा आक्षेप मला मान्य आहे. पण हा फोन पालथा ठेवून ऐकायचा असतो. आणि सगळं यात बसत नाही, हेही खरं. विद्युत परिपथाचा भाग मी दोनदा केला आणि दोनदा पुसला. 'इथून तार तिकडे, तिकडून बल्बकडे' असं मी सात मिनिटं बोलत होते आणि मलाच काही दिसेना. तो धडा फळ्यावरच बरा. सीबीएसईचा 'शिक्षावाणी' पॉडकास्ट आहे, त्याचे भाग माझ्यापेक्षा कितीतरी नेटके आहेत. पण आपल्या बेनचा आवाज असला की मुलं धाकाने का होईना, शेवटपर्यंत ऐकतात.

शाळांच्या व्यवस्थापनांना आपल्या पत्रातून एवढंच सांगायचं आहे की ते ३४ हजार तूर्त राहू द्या. त्याऐवजी एका लहान खोलीच्या भिंतीला जुन्या गाद्या टेकवा आणि आठवड्यातून अर्धा तास त्या बाजूची घंटा वाजवू नका. त्या अर्ध्या तासात कोण येतं ते तरी पाहू.

त्या मुलाचं प्लॅस्टर केव्हाच निघालं. आईंचा रतीब मात्र चालू आहे. परवा त्यांनी विचारलं, पापडखार कालवताना हळदीचा हात लागला की पीठ लालसर का होतं? खार आम्लारीधर्मी, म्हणून हळद रंग बदलते. आमचा आम्ल-आम्लारीचा धडा तोच. मी म्हटलं, हा भाग तुमच्याकडेच करू, रंग कसा बदलला ते तुम्ही सांगा. आधी लाजल्या, मग म्हणाल्या, रविवारी दुपारी या, पण हात चालूच राहतील हं. म्हणजे या वेळी कपाट नाही आणि लाटण्याचा आवाज येणार. तो मी कापणार नाही.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा