तांबं नाही, सोनंच आहे

कार्ल्सरुह, ३ एप्रिल

ती. नाना आणि आई,
सा. न.

आई, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. ताईकडून वाचून घ्या. नाना, तुम्ही कानातलं मशीन लावून बसा, नाहीतर तिला प्रत्येक ओळ दोनदा वाचावी लागेल.

मी बरा आहे. जेवतो. व्हिडिओत दिसतो तेवढा वाळलेलो नाही, तो कॅमेराच तसा आहे. कळण्याचं पीठ संपलं, पण भाकरीवाचून अडलेलं नाही. भरीत दोनदा केलं. पऱ्हाट्यांवर न भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणायचं का, हा वेगळा प्रश्न.

आता साखरपुड्याची अंगठी. परवा त्या गुलाबी सोन्याच्या अंगठीचा फोटो पाठवला आणि दोन मिनिटांत तुझा आवाज आला, “हाई सोनं शे का तांबं?” मागून काकूंचं हसणंही ऐकू आलं. आई, ते सोनंच आहे. आतल्या बाजूला ७५० चा शिक्का आहे, म्हणजे हजारात साडेसातशे भाग सोनं. अठरा कॅरेट. नाना, तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं की चोख सोनं मऊ असतं, त्याचा दागिना टिकत नाही. आपल्या बावीस कॅरेटमध्येही चोवीस वाट्यांतले दोन वाटे दुसऱ्या धातूचे असतातच. इथं ते सहा आहेत. त्या सहांत चांदी भरपूर घातली की अठरा कॅरेटचंच सोनं पिवळं दिसतं, तांबं जास्त घातलं की गुलाबी. सोनं दोन्हीत सारखंच. काकूंना एवढं नक्की सांगा.

आणि ही जर्मनीची फॅशन नाही की मी इथं येऊन बिघडलो. एकोणिसाव्या शतकात रशियात याची फार चलती होती, म्हणून याला रशियन सोनंच म्हणायचे. पांढऱ्या सोन्याला वरून रोडियमचा मुलामा देतात, तो काही वर्षांनी झिजतो, पुन्हा पैसे. याचा रंग आतबाहेर एकच, झिजून झिजून जाणार कुठे? शिवाय तांब्यामुळे कडक, लवकर चेपत नाही. मोडीला गेलं तर बावीसपेक्षा कमी येतील हे कबूल. पण साखरपुड्याची अंगठी मोडायचा विचार आत्तापासून कशाला?

खरं कारण म्हणजे तुमच्या होणाऱ्या सुनेलाच हा रंग हवा होता. ती धुळ्याला लॅबमध्ये दिवसभर हातमोजे घालते-काढते, खडा नको म्हणाली, साधं वळंच हवं. मी विचारलं, पिवळं का नको? तर म्हणाली, “पिवळी अंगठी आईची वाटते, पांढरी कुणाची तरी वाटते, ही माझी वाटते.” यावर मी काय बोलणार? आणि मलाही आवडला तो रंग. दिवाळीच्या आधी तू अंगणात चिंच लावून बंब घासायचीस, त्यावर पाण्याचा तांब्या ओतलास की तो सुकायच्या आत जो दिसायचा, अगदी तोच. दुकानाच्या काचेत पाहिला तेव्हा मी रस्त्यात उभाच राहिलो.

आता तुझा दुसरा प्रश्न, की अंगठ्या दोन कशाला आणि त्याही डाव्या हातात कशाला. हे नीट समजून घे, मलाही दोन वर्षं लागली. इथं साखरपुडा झाला की अंगठी डाव्या हातात घालतात. पुष्कळ ठिकाणी मुलगाही घालतो, अगदी मुलीसारखीच. मग लग्नाच्या दिवशी तीच उजव्या हातात जाते, किंवा उजव्यात नवीन घालतात. म्हणजे डावा हात ठरलेल्याचा, उजवा झालेल्याचा. आमच्या ऑफिसातला एक जण सोमवारी अचानक उजव्या हातात अंगठी घालून आला आणि सगळे अभिनंदन करायला लागले. मी आपला विचार करतोय, हा पेपर पास झाला की याला बढती मिळाली. कुणी काही बोललं नाही, पेढा नाही, पत्रिका नाही, फक्त हात बदलला! आणि गंमत म्हणजे शेजारच्या काही देशांत बरोबर याच्या उलट. त्यामुळे ट्रेनमध्ये कुणाच्या हाताकडे बघून लग्न झालंय की नाही हे ठरवायला जाऊ नये. मी एकदा गेलो होतो. नानांना अजून एक हसायला सांगतो: इथं ३३३ चा शिक्का असला तरी त्याला सोनं म्हणून विकतात. आठ कॅरेट! आपल्या जळगावच्या सराफात कुणी तसलं काढून दाखवलं तर चहाही न पिता उठाल तुम्ही.

आपल्याकडे आपण आपल्याच पद्धतीनं घालू, काळजी नको. ब्राह्मण सांगेल त्या बोटात.

एक गोष्ट फोनवर सांगितली नाही. अंगठ्या विकत घेतलेल्या नाहीत. इथून अर्ध्या तासावर फोर्झहाइम म्हणून गाव आहे, १७६७ पासून दागिन्यांचं, त्याला सोन्याचं शहरच म्हणतात. तिथं सोनाराच्या कारखान्यात बसून लोक स्वतःच्या अंगठ्या स्वतः घडवतात. मी शनिवारी जाऊन घडवल्या. सोनारीण बाई साठीच्या असतील. मुशीत सोनं, वरून चिमूटभर टाकणखार, मग ज्योत. रस झाला तेव्हा त्यांनी माझ्या हाताला धरून ओतायला लावलं आणि लगेच पाण्यात टाक म्हणाल्या, चुर्रर्र आवाज झाला. पिवळं सावकाश निवलं तरी चालतं, हे गुलाबी तसंच निवू दिलं तर ठिसूळ होऊन तडकतं. मग पट्टी ओढली, वाकवली, डाख दिला, निमुळत्या दांडीवर घालून हातोडीनं गोल केली. एका ठिकाणी माझी हातोडी तिरकी बसली, तो ठोका अजून दिसतो. बाईंनी घासून देते म्हटलं, मी राहू दे म्हणालो.

आई, ते सोनं आजीच्या बोटातल्या वेढ्याचं होतं. मी निघताना तू पिठाच्या डब्यात घालून दिलंस ते. साडेचार ग्रॅम भरलं, त्यात एक ग्रॅम तांबं घातलं, साडेपाच झालं. दोन अंगठ्यांना पुरून थोडा चुरा उरला, तो पुडीत ठेवलाय, घेऊन येईन. तू म्हणाली होतीस अडीनडीला मोड. नोकरी गेली तेव्हा साडेतीन महिने मी ते मोडलं नव्हतं. हो, गेली होती. तेव्हा सांगितलं नाही, कारण बागेवर तेव्हा करपा होता आणि नाना आधीच झोपत नव्हते. आता दीड वर्षापासून नवीन ठिकाणी आहे, सगळं ठीक आहे, त्यावर फोन करू नका. रागवायचं असेल तर वेढ्यावरून रागवा.

बाकीचं पटापट लिहितो. दीड लाख सोमवारी पाठवलेत. त्यातले सोसायटीला आधी, मग हॉलची आगाऊ रक्कम. उसनवारीचं बघू नका, तो माझा विषय. साखरपुडा मेच्या पहिल्या आठवड्यातच धरा, व्याह्यांशी मी बोललोय. सुट्टी नऊच दिवस मिळाली, त्यामुळे आखाजीला पोचत नाही. ताई माहेरी येईल, झोका बांधाल, मांडे होतील, मला फोटो पाठवू नका. लग्न वैशाखात जमणार नाही, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख काढा, तेव्हा तीन आठवडे येतो. हे वर्षभर सांगतोय असं तू म्हणशील. यंदा खरं आहे.

नाना, गोळ्या वेळेवर. दुपारी बारानंतर बागेत जाऊ नका, ड्रिप सालदार बघेल.

तुमचाच,
बाळ्या

ता. क. गिझर बसवल्यावर बंब भंगारवाल्याला द्यायचा म्हणत होतीस. देऊ नको. चिंच आणून ठेव, आल्यावर मी घासतो.