न जळलेल्या पेट्रोलचा हिशोब विचारणाऱ्या वस्तादांस

आदरणीय वस्ताद,

सादर नमस्कार.

माझ्या १९८४ च्या अॅम्बेसेडर मार्क फोरमधले मूळचे १४८९ सीसीचे इंजिन उतरवून, हिंदुस्तान मोटर्सनेच पुढे याच गाडीत दिलेले इसुझू घडणीचे १८१७ सीसीचे एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे, इंजिन मी बसवून घेतले. आरटीओचे सोपस्कारही उरकले, आणि तरी गाडी दोन महिने अंगणातच उभी राहिली. वैभववाडीहून करूळ घाट चढताना ती दोनदा बंद पडली होती आणि अर्धा तास थांबल्यावर काहीच न घडल्यासारखी सुरू झाली होती. ज्यांच्याकडे काम दिले होते त्यांनी पंप दोन वेळा बदलला, पण दुखणे तसेच राहिले.

आपण बॉनेट उघडलेच नाही. थेट डिकीखाली आडवे झालात आणि विचारलेत, "जे पेट्रोल जळत नाही, ते जातंय कुठं?"

या एका प्रश्नात सारे निदान होते. कार्ब्युरेटरला अवघा पाव-अर्धा बार दाब पुरतो आणि फ्लोटची वाटी भरली की सुई वाट बंद करते, त्यामुळे जुन्या गाडीला टाकीपासून पुढे जाणारी एकच नळी असली तरी भागते. इंजेक्टरना मात्र सुमारे तीन बारचा दाब लागतो, पंप गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल सतत पुढे रेटतो आणि उरलेले दाब राखणाऱ्या रेग्युलेटरमधून टाकीत परत यावे लागते. माझ्या गाडीत ही परतीची नळी टाकीपर्यंत नेण्याचे कष्ट वाचवून पंपाच्या अलीकडेच टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडली होती. तेच ते पेट्रोल इंजिनच्या उष्णतेतून फिरत राही, दर फेरीला आणखी तापे, आणि घाटात पंपाच्या तोंडाशी त्याचे बुडबुडे होऊन पंपाला ते ओढता येत नसे.

परतीसाठी टाकीला भोक पाडून डाग द्यावा, असे मी सुचवले तेव्हा आपण माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलेत, ती मी विसरणार नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते, एवढेच बोलून आपण टाकीतल्या, पेट्रोल किती उरले ते दाखवणाऱ्या फ्लोटची चकती खोलून बाहेर आणलीत, तिच्यावर परतीची तोटी बसवलीत आणि पेट्रोल वरून पडून फेसाळू नये म्हणून आतली नळी तळाजवळ नेलीत.

पुढचे तीन दिवस नळ्यांचे होते. आठ मिलिमीटरच्या दोन पोलादी नळ्या आपण गाडीच्या तळाच्या वळणांबरहुकूम, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने नेल्यात आणि हातभर अंतरही कुठे मोकळे न सोडता रबरी अस्तराच्या पट्ट्यांनी आवळल्यात. तांब्याची नळी वाकवायला सोपी असताना ती का नको, या माझ्या शंकेवर, हादऱ्यांनी तांबे कडक होऊन चिरते, हे आपण जुन्या तुकड्यावर दाखवलेत. इंजिन आपल्या माउंटिंगवर डुलते, म्हणून रबरी होज फक्त शेवटच्या वीतभर अंतरात, आणि तोही इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेला, आर-९ शिक्क्याचा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असताना जुना रबर टिकणार नाही, हे आपले म्हणणे मला तेव्हा अतिसावधपणाचे वाटले होते. पहिल्या कामातला होज कापून पाहिला, तर आतून फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते. इंजिन बंद पडताच पंपाची वीज तोडणारा रिले तर मी मागितलाही नव्हता.

मजुरीचा आकडा आपण सांगितलात तो इतका कमी होता की मला संकोच वाटला, आणि वाढवून दिलेली रक्कम आपण परत केलीत. त्याबद्दल मी अजून थोडा नाराज आहे.

गेल्या महिन्यात पाव टाकी पेट्रोलवर, भर दुपारी, करूळ घाट एका दमात चढलो. आपल्या सूचनेप्रमाणे पाचशे किलोमीटरनंतर सर्व क्लिपा तपासल्या. टाकीजवळची एक अर्धा आटा आवळावी लागली, बाकीच्या कोरड्या आणि घट्ट आहेत. तो टी आपण मागितला होता, तो या पत्रासोबत पाठवत आहे.

आपला कृतज्ञ,
मार्क फोरवाला