गॉइटाइन यांचे काम आणि कोकणातील बेने इस्रायलांची कागदपत्रे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यापीठांनी परदेशी संस्थांशी केलेल्या सामंजस्य करारांच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. करारावर सह्या झाल्यानंतर नेमके काय घडायला हवे, याचा विचार करताना मला ज्यू इतिहासाचे थोर अभ्यासक शेलोमो दोव गॉइटाइन (१९००–१९८५) यांचे काम महत्त्वाचे वाटते. या कामाचा भारताशी थेट संबंध असूनही मराठीत त्याविषयी फारच कमी लिहिले गेले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

देवाचे नाव लिहिलेला कागद टाकून द्यायचा नाही, या ज्यू प्रथेमुळे जुन्या कैरोतील बेन एझ्रा सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) एका कोठडीत शतकानुशतके कागद साठत गेले. त्यांत धर्मग्रंथांच्या पानांबरोबर विवाहाचे करार, न्यायालयीन नोंदी, हिशेब आणि व्यापाऱ्यांची पत्रेही होती. १८९६-९७ मध्ये केंब्रिजचे ज्यू अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतील मोठा भाग केंब्रिजला नेला आणि आज तेथे १,९०,००० हून अधिक तुकडे जपलेले आहेत. उरलेले ऑक्सफर्ड, न्यूयॉर्क, बुडापेस्ट, सेंट पीटर्सबर्ग अशा अनेक ठिकाणी विखुरले. एकाच पत्राचा वरचा भाग एका देशात आणि खालचा दुसऱ्या देशात, अशीही उदाहरणे आहेत. व्यवहाराची बरीच कागदपत्रे हिब्रू लिपीत लिहिलेल्या अरबी भाषेत असल्याने दोन्ही परंपरा जाणणाऱ्यालाच ती वाचता येतात.

गॉइटाइन तसे होते. बव्हेरियात जन्मलेल्या या संशोधकाने फ्रँकफुर्टमध्ये योसेफ होरोविट्झ यांच्याकडे अरबीचे शिक्षण घेतले. होरोविट्झ त्याआधी काही वर्षे अलिगढला अरबी शिकवत होते, ही गोष्ट भारतीय वाचकाने मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. गॉइटाइन १९२३ मध्ये पॅलेस्टाइनला गेले, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले आणि १९५७ पासून अमेरिकेत काम केले. १९५० च्या सुमारास भारताच्या व्यापाराविषयीचे कागद हाती लागताच त्यांनी निरनिराळ्या देशांतील संग्रहांमधून त्यांचे दुवे जुळवायला सुरुवात केली. त्यातून पुढे आला ट्युनिशियाचा व्यापारी अब्राहम बेन यिजू, जो ११३२ ते ११४९ या काळात मंगळूरच्या परिसरात राहिला, काशा-पितळेची भांडी घडवणारा कारखाना चालवत असे आणि मिरी, सुपारी व लोखंड एडनला पाठवत असे. एडनचे व्यापारी त्याला साखर, मनुका आणि लिहायला कागद भेट म्हणून धाडत. राजांच्या वंशावळीत कधीच न सापडणारा आपल्या किनाऱ्याचा हा इतिहास आहे आणि तो कैरोच्या कोठडीत टिकला.

गॉइटाइन यांच्या हयातीत हे भारतविषयक काम पुरे झाले नाही. मात्र त्यांची २७,००० च्या आसपास टिपणपत्रे आणि कागदांच्या वाचनांचे मसुदे पुढच्या संशोधकांच्या हाती राहिले. तेल अवीवचे मोर्देखाय अकिवा फ्रीडमन यांनी ते काम पुढे नेले आणि इंग्रजी ग्रंथ २००८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनमध्ये ही वाचने संगणकावर आणून सर्वांना खुली करण्यात आली. ग्रंथालयांनीही स्पर्धा बाजूला ठेवली: २०१३ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांनी कैरोच्या याच कागदांपैकी लुईस-गिब्सन संग्रहातील सुमारे १,७०० तुकडे एकत्र येऊन खरेदी केले. एका विद्वानाने अर्धवट सोडलेले काम दुसऱ्या देशातल्या विद्वानाला नेटाने पुढे नेता येते, यापेक्षा सहकार्याची भक्कम कसोटी मला सुचत नाही.

आपल्याकडे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या कागदपत्रांसाठी असे काम तातडीने व्हायला हवे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला या समाजाचा इतिहास छापला गेला १९३७ मध्ये, तोही तेल अवीवमध्ये. मराठी भाषांतरासह छापलेली हिब्रू प्रार्थनापुस्तके, कीर्तने, सिनेगॉगच्या वह्या आणि घरगुती पत्रे आज काही मुंबई, ठाणे, अलिबाग परिसरात, तर काही इस्रायलला गेलेल्या कुटुंबांकडे आहेत. मराठी आणि हिब्रू दोन्ही वाचू शकणारी ज्येष्ठ मंडळी कमी होत आहेत आणि हे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले तर कागद उरूनही वाचता येणार नाहीत.

मुंबई विद्यापीठ, राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि जेरुसलेमचे राष्ट्रीय ग्रंथालय यांनी मिळून या साहित्याची सामाईक सूची करावी, मूळ कागद ज्या घरात किंवा सिनेगॉगमध्ये आहेत तेथेच ठेवून त्यांच्या संगणकीय प्रती दोन्ही देशांतील अभ्यासकांना विनामूल्य द्याव्यात आणि मराठी व हिब्रू दोन्ही भाषा शिकणाऱ्या काही तरुणांना शिष्यवृत्ती द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कामाचा आरंभ रायगड जिल्ह्यातील सिनेगॉगच्या वह्यांपासून करता येईल.

आपला,
एक वाचक, ठाणे