अंपायरला न दिसलेला फाऊल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की आपल्या क्रीडा पानावर जिल्ह्यातल्या कॅरम स्पर्धांचे निकाल नेमाने येतात. विजेता कोण, उपविजेता कोण, गुण किती, बक्षीस कोणाच्या हस्ते दिलं. मी ती बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, कारण मालवणातल्या आमच्या मंडळाच्या पावसाळी लीगला मी बरीच वर्षं अंपायर म्हणून बसते. हे पत्र ज्यांच्याविषयी आहे त्यांचं नाव तशा बातमीत कधी आलेलं नाही. एकदाच ते आमच्या लीगच्या फायनलला पोचले, आणि हरले. नाव छापायला त्यांची ना आहे, म्हणून इथे सगळे म्हणतात तसं मीही त्यांना काकाच म्हणते.

आमची लीग म्हणजे काही मोठी स्पर्धा नव्हे. 1 जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जातात, आणि संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये बोर्ड मांडले जातात. रापणीवरचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे असतात, बाजारातले दुकानदार असतात, शाळेतली मुलं असतात, आम्ही दोघी-तिघी बायका. काका एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

ती फायनल सांगते. समोर नववीतला मुलगा होता. तिसरा गेम, आठवा बोर्ड. नियमाप्रमाणे 25 गुण आधी कोणी केले नाहीत तर आठ बोर्डांनंतर ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. काकांचे 19, मुलाचे 20. काका काळ्या सोंगट्या खेळत होते, राणी त्यांनी घेऊन कव्हरही केली होती, म्हणजे तिच्यापाठोपाठ आपली एक सोंगटी घेतली होती. त्यांची एकच काळी उरली होती, तीही समोरच्या पॉकेटच्या तोंडाशी. मुलाच्या दोन पांढऱ्या बोर्डावर. ती काळी गेली की मुलाच्या उरलेल्या दोन सोंगट्यांचे दोन आणि राणीचे तीन, म्हणजे 24 आणि कप काकांचा. असली सोंगटी झोपेतसुद्धा जाईल.

काकांनी स्ट्रायकर लावला, बोट टेकवलं, आणि तसंच उचलून घेतलं. मी गुणांच्या कागदाकडे बघत होते. मान वर केली तर काका मागे सरकून बसलेले.

"बाही लागली. सोंगटी हलली. फाऊल माझो."

बेसलाईनजवळच्या, म्हणजे स्ट्रायकर ठेवायच्या रेषेजवळच्या पांढऱ्या सोंगटीला त्यांच्या शर्टाची बाही घासून गेली होती. सोंगटी हललीच असेल तर दोऱ्याएवढी. मी बघितलं नव्हतं. मुलानेही नव्हतं, तो आपल्या हरण्याकडे डोळे लावून बसला होता. मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणी तरी म्हणालं, "काकानू, कोणी बघूक नाय."

"मिया बघलंय मां," काका म्हणाले. मग स्वतःच्या पॉकेटमधली एक काळी काढून मुलाच्या हातात दिली. "ठेव खय ती."

मुलाने ड्यूची, म्हणजे फाऊलच्या दंडाची सोंगटी बोर्डावर ठेवली, त्याचा हात कापत होता. पण पुढच्या दोन्ही पांढऱ्या त्याने व्यवस्थित घेतल्या. 22-19. काका उठून बोर्डाला वळसा घालून त्याच्याकडे गेले आणि दुसऱ्या पांढरीचा कट किती बारीक बसला ते त्याला बोट लावून दाखवू लागले. हरल्यावर हसून हात मिळवणारे मी पुष्कळ बघितलेत. हरल्यानंतर पाच मिनिटं समोरच्याच्या शॉटबद्दल मनापासून बोलणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

अंपायर म्हणून मला त्या रात्री फार लागलं. माझी नजर जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. मी काकांना तसं म्हटलं. ते म्हणाले, कंडक्टर तरी सगळ्या सीटांवर कुठे नजर ठेवतो, बसणाऱ्याने तिकीट मागून घ्यायचं असतं. त्यांच्या गाडीने ज्यांनी प्रवास केला असेल त्यांना हे लगेच समजेल. सुटे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती बाकी घ्यायची विसरून उतरणारेही पुष्कळ. कुडाळच्या स्टँडवर खाली उतरून, डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईच्या मागे दोन रुपये घेऊन जाणारे काका मी लहानपणी स्वतः बघितलेत. मागे गाडी भरलेली, ड्रायव्हर हॉर्न देतोय.

कॅरममध्ये फसवायला फार जागा आहे, हे न खेळणाऱ्यांना पटकन कळत नाही. 74 सेंटिमीटरचा चौकोन, त्यावर 19 सोंगट्या. स्ट्रायकर कडेच्या लाल गोलावर ठेवायचा तर तो गोल पुरता झाकायला हवा, नाही तर गोलाला मुळी लागायलाच नको. अर्धवट लागला की फाऊल. हे केसाएवढं अंतर कडेला बसलेल्या अंपायरला नेहमी दिसतंच असं नाही, ज्याचं बोट स्ट्रायकरवर आहे त्याला दिसतं. आणि आमच्याकडे जुलैत दिवे जातात. बोर्ड अर्ध्यावर असताना काळोख झाला की हॉलमध्ये गडबड उडते, कोणी मोबाइल शोधतं, कोणी खिडकी लावायला धावतं. उजेड आला की बघावं, काकांचे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीमागे एकमेकांत गुंतवलेले. दर वेळी. समोरच्याच्या मनात शंकासुद्धा येऊ नये म्हणून. आता आमची मुलंही तसेच हात मागे घेतात, ते कोणी त्यांना शिकवलेलं नाही.

यावरून कोणाला वाटेल की काका म्हणजे मऊ, हरून देणारा माणूस. अजिबात नाही. समोरच्याचा फाऊल झाला तर ते मुद्दाम सोडत नाहीत, आणि त्याच्या ड्यूची सोंगटी मोठ्या वर्तुळात अशा ठिकाणी ठेवतात की ती काढता काढता घाम फुटावा. दहा वर्षांच्या पोरालाही त्यांनी कधी मुद्दाम जिंकू दिलेलं नाही. एका आईने तशी विनंती केली होती. काकांनी नम्रपणे नाही म्हटलं, आणि पुढचा महिनाभर त्या पोराला रोज अर्धा तास आधी बोलावून थंब शॉट, म्हणजे अंगठ्याने मारायचा फटका शिकवला. मला हेच खरं वाटतं. आपण पोरांना हल्ली एक तर जिंकूनच ये म्हणून पिळतो, नाही तर रडू नये म्हणून खोटं जिंकवतो.

ओल धरलेल्या दिवसांत बोर्ड जड होतो, कितीही पावडर मारा, स्ट्रायकर मधेच बसतो. त्यासाठी खेळाआधी तासभर बोर्डावरचे दिवे लावून ठेवावे लागतात. ते लावणं, सुती फडक्याने बोर्ड पुसणं, सोंगट्या डब्यातून काढून एकेक कोरडी करणं, हे सगळं काकांकडे. कोणी सोपवलेलं नव्हतं. हॉलच्या भिंतीवर त्यांनी एक कात्रण चिकटवलंय: 2024 मध्ये अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदकं जिंकणारी चेन्नईची काझिमा, रिक्षाचालकाची मुलगी. त्यांच्या स्वतःच्या पिढीचा देव म्हणजे कॅरमचे माजी विश्वविजेते मारिया इरुदयम, ज्यांना 1996 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. कॅरमला अर्जुन मिळाला त्या दिवशी एसटीतल्या प्रवाशांना पेढे वाटले होते, असं काका सांगतात.

गेल्या वर्षापासून काकांच्या उजव्या हाताला कंप सुटलाय. यंदा लीगची नावं लिहायला घेतली तेव्हा ते म्हणाले, माझं नको. हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही. मग त्या फायनलमधला मुलगा, आता कॉलेजला जातो, म्हणाला की यंदापासून आपण आणखी एक कप ठेवू. तो गुणांवर द्यायचा नाही. लीग संपली की प्रत्येकाने चिठ्ठीवर एक नाव लिहायचं, ज्याच्याशी खेळताना अंपायर नसता तरी चाललं असतं त्याचं. पहिल्या वर्षी चिठ्ठ्या नकोत, हा कप काकांचा, हे सगळ्यांनी एका आवाजात ठरवलं.

संपादक महोदय, आपल्याकडे माझी मागणी एवढीच आहे. निकालाच्या बातमीत अशा एका खेळाडूसाठी एक ओळ ठेवा. जिल्ह्यातल्या प्रत्येक मंडळात असा कोणी तरी आहेच, मी स्पर्धांना जाते तेव्हा बघते. मंडळांना विचारलंत तर ती आनंदाने नाव कळवतील. उपांत्य फेरीचे गुण एक वेळ गाळलेत तरी चालेल.

नारळी पौर्णिमेनंतरच्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मंडळाच्या हॉलमध्ये काकांचा सत्कार आहे. शाल-नारळाला त्यांनी आधीच मनाई केलीय. "त्या पैशांत दोन स्टँड घेवा, पोरांचे बोर्ड टेबलार हलतत," म्हणाले. लोखंडी स्टँड आलेत, कालच काकांनी त्यांच्या चारी पायांखाली रबर लावून घेतलं. ज्यांनी ज्यांनी काकांच्या गाडीने प्रवास केलाय, त्यांनीही यावं.

आपली,
एक वाचक, मालवण