तर्री पातळ होते, कारण ‘संपले’ची पाटी लागत नाही

महोदय,

नागपुरात रविवारची न्याहारी म्हणजे तर्री-पोहे (पोह्यांवर काळ्या हरभऱ्याचा तिखट रस्सा, म्हणजे तर्री), मागोमाग सांबारवडी (कोथिंबिरीची तळलेली वडी) आणि चहा. शहरातल्या नावाजलेल्या एखाद्या ठिकाणाविषयी ‘आता पहिल्यासारखं राहिलं नाही’ ही कुरकुर हल्ली वारंवार कानी येते. ती भाव वाढले म्हणून नाही. हरभरा, तेल, गॅस सगळेच महागले, हे खाणाऱ्यालाही कळते. बिघाड होतो तो गंजात, म्हणजे रांधायच्या मोठ्या पातेल्यात.

आधी पोहे. जाडे पोहे चाळणीत दोनदा धुऊन दहा मिनिटे निथळू द्यायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकून मंद आचेवर चार-पाच मिनिटे वाफ काढायची. असे पोहे फार तर अर्धा तास चांगले राहतात. म्हणून दोन-दोन किलोचा घाणा काढायचा, तो संपत आला की पुढचा टाकायचा, ही चांगल्या हॉटेलांची रीत. पहाटे पाचलाच दहा किलो करून झाकून ठेवले, की ओलावा उडतो आणि दाणा चिवट होतो. मग पाण्याचा हबका मारून पुन्हा गरम करतात. खालचे गोळा होतात, वरचे कडकच राहतात.

खरी कसोटी तर्रीची. काळे हरभरे रात्रभर, आठ-दहा तास भिजले की वजनाने जवळपास दुप्पट होतात आणि शिजल्यावरही सालीत शाबूत राहतात. दोन तास भिजवून सोड्यावर शिजवले तर साली सुटतात, रस्सा गढूळ होतो आणि जिभेवर साबणासारखी चव रेंगाळते. मसाल्याचेही तेच. कांदा तपकिरी होईस्तोवर परतायचा, सुके खोबरे वेगळे भाजायचे, धने-जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, आले-लसूण यांचे वाटण तेल सुटेपर्यंत हलवत राहायचे. मोठ्या गंजात याला वीस-पंचवीस मिनिटे उभे राहावे लागते. घाईच्या हॉटेलात कापला जातो तो नेमका हाच वेळ. कच्च्या वाटणाचा उग्र वास मग कितीही उकळा, जात नाही.

तिखट मंद आचेवरच टाकायचे, कडकडीत तेलात ते जळून काळपट आणि कडू होते. आपल्याच जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीला रंग चांगला. भौगोलिक मानांकनही आहे. मिरचीचा हा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून अस्सल तर्रीत तवंग लाल आणि खालचा रस्सा तपकिरी दिसतो. चमच्याने तवंग बाजूला करून पाहा: खालचे पाणीही भडक लाल असेल, वरून पेरलेला कच्चा कांदा गुलाबी झाला असेल, तर वरून रंग घातल्याचा संशय घ्यायला जागा आहे. रश्श्यात कृत्रिम रंग घालायला अन्नसुरक्षा नियमांची परवानगी नाही.

आता मूळ दुखणे. पूर्वी दहा-साडेदहाला गंज रिकामा झाला की ‘संपले’ची पाटी लागायची, लोक चडफडत परत जायचे आणि दुसऱ्या दिवशी लवकर यायचे. आता दुपारी एकपर्यंत विक्री चालते, वर मोबाइलवरच्या ऑर्डरी. गंज तळाला गेला की गरम पाणी, मीठ, तिखट घालून तो वाढवतात. पातळ झाले म्हणून बेसन कालवतात. जे तयार होते ते ना तर्री, ना पिठले! (डब्यात बंद करून घरपोच आलेल्या पोह्यांविषयी न बोललेलेच बरे. वाफ झाकणाला धरते आणि तीच थेंबाथेंबाने खाली पडून पोह्यांचा लगदा करते.)

सांबारवडीचे तेल हा प्रश्न चवीपुरता नाही. वारंवार तापवलेल्या तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड्स’चे (तेल बिघडताना त्यात तयार होणाऱ्या घटकांचे) प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही, हा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. तेल काळवंडणे, दाट होणे, वडी सोडताच न विरणारा फेस येणे, लवकर धूर निघणे या खुणा ग्राहकालाही दिसतात. जुन्यात नवे तेल ओतून रंग तेवढा उजळतो. खराब झालेले तेल कढईतच असते.

मालकांना विनंती एवढीच, की हवे तर प्लेटमागे पाच रुपये वाढवा, पण रात्री भिजवलेल्या हरभऱ्यापुरतीच विक्री करा. आणि अन्न व औषध प्रशासनाने कढईतले तेल तपासायला सकाळी सातला येऊ नये. तेव्हा ते ताजेच असते. अकराला यावे.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर